दवाखान्यासाठी ठेवलेला पायजमा

आमच्या डोंगराळ जिल्ह्यात घरोघरच्या कपाटात एक कोरा पायजमा असतो. तो दवाखान्यासाठी. मळक्या बनियनवर डॉक्टरसमोर जायचं म्हणजे मरणाहून वाईट, असं सर्बियातल्या आमच्या खेड्यांत मानतात. मी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. आम्ही गाडी पिटाळत पोचावं, तर रोगी दाढी-अंघोळ करून, पायजमा चढवून गार पडलेला, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

बेलग्रेडहून हृदयविकाराची सेवा तपासायला समिती आली. गाड्या ठीक, जिल्हा रुग्णालयातली यंत्रं ठीक, तरी माणसं का दगावतात? घराघरांत विचारल्यावर त्यांना कळलं, की छातीत कळ आली की आधी पाणी तापतं, फोन मागाहून होतो. मग गावोगाव जाऊन समजावायचं काम आमच्या रुग्णालयातल्या सिस्टर स्तामेन्काकडे आलं.

तिच्या जिभेला हाड नव्हतं. भर सभेत म्हणायची, "बाबा, डॉक्टरला तुमचं काळीज बघायचंय, चड्डी नाही. आहात तसे निघा."

म्हातारे पोट धरून हसायचे, तिच्यापुढे राकिया दारूचा पेला सरकवायचे आणि घरी जाऊन पायजम्याला इस्त्री करायचे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या हिवाळ्यात तिचा स्वतःचा फोन आला. "ल्युबिसावच्या छातीत दुखतंय. लवकर ये."

ल्युबिसाव तिचा नवरा. आम्ही पोचलो तेव्हा तो पलंगावर होता, अंगात कोरा पायजमा, घडीची रेघ अजून मोडली नव्हती. आमच्यासोबतच्या डॉक्टरनं जे करता येईल ते सगळं केलं आणि मग मान हलवून तो पलंगापासून बाजूला झाला. स्तामेन्काच्या हातात टॉवेल तसाच होता.

"डुकरांच्या गोठ्यातून आला होता," ती म्हणाली. "गुडघ्यापर्यंत घाण. तुम्ही सगळे माझ्या रोजच्या कामातले, तुमच्यापुढे त्याला तसा कसा ठेवू? म्हटलं, फोनआधी नुसते पाय धुते."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला तिचा भयंकर राग आला, आणि तितकीच कीवही.

मरणानंतरचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर ती पुन्हा फिरू लागली, काळ्या कपड्यांत. थट्टा संपली होती. उभी राहून एवढंच सांगायची की मी त्याचे पाय धुतले, आणि तेवढ्यात तो गेला. बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या. त्यानंतर मात्र फोन लवकर येऊ लागले. समितीनं पुढच्या भेटीत तिला फुलं दिली, पण स्तामेन्का ती माझ्या गाडीतच विसरली.

परवा एका मेंढपाळाला लेंड्यांनी भरलेल्या बुटांसकट रुग्णालयात, स्तामेन्कासमोर आणला. वाचला. त्याची बायको आपल्या डोईच्या रुमालानं स्ट्रेचर पुसायला लागली.

"माफ करा सिस्टर, सगळं घाण केलं आम्ही."

स्तामेन्कानं तिचा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "माझा स्वच्छ गेला."