शेवटचा बांध

उन्हात तापलेल्या रबरी पाइपाचा वास आला की मला दुष्काळातला तो उन्हाळा आठवतो. शेंद्र्याच्या रस्त्याला नव्या इमारती उठत होत्या आणि नळ कोरडे होते. भाड्याच्या खोलीत मी आणि माझा मित्र सी भाषेत प्रोग्रॅम लिहीत होतो. टँकर गावात पोचला की त्याचा नंबर आणि फोटो एकाच निरोपात सर्व्हरवर जायला हवा होता. अशा निरोपात नंबर, फोटो अशा प्रत्येक भागाआधी आणि सगळ्यात शेवटी खुणेची ओळ लागते. मित्र देवगाव रंगारीच्या शेतकऱ्याचा मुलगा, तो तिला बांध म्हणायचा. नंबर पोचायचा, फोटो मात्र गायब! आणि दुपारी टँकर खात्याचे साहेब काम बघायला येणार होते. एकदम मित्र ओरडला, "अरे, शेवटचा बांध अर्धाच घातलाय! त्याच्यामागं आणखी दोन आडव्या रेघा लागतात. त्याबिगर सर्व्हरला कसं कळणार, वावर संपलं म्हणून?" मी रेघा टाकल्या, प्रोग्रॅम चालवला, आणि स्क्रीनवर टँकरचा फोटो झळकला. आम्ही गॅलरीत धावलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "आला! आला!" त्या उन्हाळ्यात 'आला' म्हणजे एकच. हंडे, बादल्या खडखडत सगळी गल्ली खाली जमली. "कुठंय टँकर?" घरमालकीण काकूंनी विचारलं. मित्रानं लाजत लॅपटॉप पुढं केला. काकूंनी फोटो नीट निरखला. "लई झकास आलाय. आता ह्याला नळी कुठं लावू, तेवढं सांग." आजही अपलोड झालं की मी 'आला' म्हणत नाही. हळूच 'पोचला' म्हणतो.