वहिनीच्या हातातला फ्लॅश

वहिनी गेल्यापासून माझा दादा एकच शब्द बोलायचा, ‘बरं.’ जेवायला चल म्हटलं, बरं. आज उपाशी राहा म्हटलं असतं तरी बरंच म्हणाला असता. आठ महिने झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. मी रडून घर डोक्यावर घेतलं तेव्हा त्याने मला पाण्याचा पेला आणून दिला आणि पेला रिकामा व्हायची वाट बघत उभा राहिला. दगड आहेस, असं मी त्याला तोंडावर सुनावलं. ‘बरं,’ म्हणाला.

दादा पंच्याहत्तरीचा, मी त्याची नऊ वर्षांनी लहान बहीण. जुने कॅमेरे दुरुस्त करणं हा त्याचा आताचा उद्योग. त्याआधी बरीच वर्षं तो लग्नांचे आणि शाळांचे फोटो काढायचा. तो कॅमेऱ्यामागे, वहिनी त्याच्या डावीकडे फ्लॅश धरून. तेव्हाचा फ्लॅश म्हणजे हातभर नसली तरी चांगली वीतभर लांब चकचकीत नळी, पोटात सेल आणि वर वाटीसारखा आरसा. आरशाच्या मधोमध, नळीच्या तोंडाशी असलेल्या खोबणीत बल्ब बसवायचा. एका फोटोला एक बल्ब, पेटला की संपला. नवा बल्ब बसवण्याआधी वहिनी त्याच्या बुडाला जीभ लावायची. बूड ओलं असलं की वीज नीट पोचते, बल्ब दगा देत नाही. नटूनथटून उभी असलेली मंडळी तोंडं वाकडी करायची, तिला त्याचं काही नव्हतं. दादा तिच्याकडे न बघताच बल्ब डावीकडे धरायचा, ‘घे’ म्हणायचा, ती जीभ लावून बसवायची. चारचौघांत याहून जास्त काही ते एकमेकांशी बोलल्याचं मला आठवत नाही.

मागच्या महिन्यात सिनेमावाल्यांचा एक माणूस आला. पडद्यावर दिसणाऱ्या वस्तू जमवणं हे त्याचं काम. त्याच्याकडे एक फोटो होता. अंतराळातल्या गोष्टीचा कुठलासा जुना सिनेमा, त्यातल्या नायकाच्या हातात निळा दिवा. दिवा कसला, असल्याच फ्लॅशच्या नळीला बटणं चिकटवलेली. मूळ वस्तू हरवली होती आणि सिनेमाचा पुढचा भाग निघत होता. त्याला हुबेहूब तसाच दिवा हवा होता, तोही खरोखर पेटणारा.

फडताळात तीन फ्लॅश होते. दोहोंच्या पोटात सेल फुटून नळ्या सडलेल्या. तिसरा वहिनीचा. त्या माणसाने तिसऱ्याकडे बोट दाखवलं आणि दादा म्हणाला, ‘बरं.’

मी त्याला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. “अरे, तो वहिनीचा आहे.”

“फ्लॅश आहे.”

“तुला काहीच कसं वाटत नाही रे?”

किल्ली हरवल्यावर आपण खिसे चाचपतो, तसं त्याने स्वतःच्या आत चाचपून बघितलं. अगदी प्रामाणिकपणे शोधत होता. “नाही गं,” म्हणाला, “काहीच नाही.”

दहा दिवस त्याचं काम चाललं. त्याने आरसा उतरवला. नळीत नवा सेल घातला, बाजूला लाल बटण बसवलं. एका जळक्या बल्बचं पितळी बूड कापून त्यात निळा एलईडी बसवला, म्हणजे तो जुन्या खोबणीतच बसेल. ओल लागून लागून खोबणीचा तळ हिरवा पडला होता. तो त्याने पॉलिश पेपरने घासघासून लख्ख केला. मी समोर बसून बघत होते. त्याचे हात काम करत होते, तो स्वतः तिथे नव्हता. काल सकाळी पसारा बघवेना म्हणून मीच टेबल झाडून केर टाकून आले.

दुपारी तो माणूस दिवा न्यायला आला. दादाने उजव्या हातात नळी धरली, डाव्या हाताने निळा बल्ब उचलला आणि न बघता बाजूला धरला.

“घे,” म्हणाला.

डावीकडे चहाचा ट्रे घेऊन मी उभी होते. कुणीच काही घेतलं नाही. हात तसाच राहिला. मग तो हळूच म्हणाला, “जीभ लावावी लागणारच नाही आता. मी घासून टाकलंय.”

“काय घासलंस?”

“तिचं होतं ते. ते हिरवं. इतक्या वर्षांचं.”

बल्ब ठेवून तो टेबलाखाली वाकला. कचऱ्याचा डबा ओढला, उपडा केला. “पेपर कुठाय? पॉलिश पेपर?”

“दादा, केर मी सकाळीच टाकला.”

माणूस गोंधळला. “काका, सोमवारी शूटिंग आहे. दिवा...”

“नाही मिळणार,” दादा म्हणाला. “आतलं सगळं न्या. नळी दुसरी शोधा.”

तो माणूस माझ्याकडे बघायला लागला. “ऐकलंत ना?” मी म्हटलं.

मग दादा माझ्याकडे वळला. “तुला कुणी सांगितलं होतं केर काढायला? माझ्या टेबलाला हात लावायचं तुझं कामच काय?” शेजारी खिडकीत आले इतका ओरडला. ओरडता ओरडता आवाज फाटला, आणि नळी छातीशी धरून तो खाली फरशीवर बसून पोरासारखा रडायला लागला.

माझ्यावर आवाज चढवलेला मी आजवर कुणाचा खपवून घेतलेला नाही. मी त्याच्याशेजारी बसले आणि म्हटलं, ‘बरं.’