शेवटच्या गाठीचा नारळ

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी सारी नोकरी काढली. हुद्दा बाबूचा, पण कामगारांसमोर मी स्वतःला 'विद्युत विभाग' म्हणवून घ्यायचो. ऑफिसातला बल्ब बदलायलाही मिस्त्रीला हाक मारणारा विद्युत विभाग! माझ्याकडे फक्त विजेचे कागद होते. त्या कागदांनीच मी त्या मिस्त्रीचं बारमाही काम घालवलं.

आमच्याकडे रिवाज असा की हंगामाची शेवटची रुईची गाठ, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा गठ्ठा, दाबून झाली की मिस्त्रीनं प्रेससमोर नारळ फोडायचा. खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून मी तसाच फटफटीवर वीज कार्यालयात जायचो आणि मंजूर लोड, म्हणजे वीज ओढायची ठरलेली मर्यादा, कमी करण्याचा अर्ज द्यायचो. कारण यंत्रं बंद असली तरी मंजूर लोडवर दरमहा आकार लागतोच. दिवाळीच्या आधी लोड पुन्हा वाढवून घ्यायचा. अर्जाचा मजकूर दरवर्षी तोच, मी फक्त तारीख बदलायचो. शेठजी एकदा चारचौघांत म्हणाले होते, "आमचा बाबू नारळाचं पाणी सुकायच्या आत अर्ज देऊन येतो." त्या एका वाक्यावर मी कैक वर्षं फुगून होतो.

त्या वर्षी शेठजींच्या मनात वेगळंच होतं. जिनिंगला लागून सरकीची तेलगिरणी होती, पण विजेच्या दरापायी ती हंगामानंतर बंदच राहायची. मोठ्या ग्राहकाला नेहमीची कंपनी सोडून दुसऱ्या पुरवठादाराकडून स्वस्तात वीज घेता येते, हे समजावून सांगायला नागपूरचा एक सल्लागार आला. आम्ही सगळे ऐकत बसलो. मिस्त्री दाराशी उभा होता. तो जवळच्या बंजारा तांड्यातला, हाताचा कसबी आणि तोंडाचा तिखट.

"साहेब, खांब हेच, तार हीच," तो म्हणाला. "मंग वीज दुसऱ्याची हाय हे मोटरले कसं समजन?"

सल्लागार तोंड उघडायच्या आत विद्युत विभाग बोलला, "अरे, पुसदचा रस्ता एकच. पण एसटी वेगळी अन् काळीपिवळी जीप वेगळी. आपण काळीपिवळीत बसाचं, रस्त्याचं भाडं तेवढं द्याचं."

"म्हंजे टपावर बसून जाचं!" मिस्त्री म्हणाला. शेठजीसुद्धा हसले.

शेठजींनी होकार दिला आणि सल्लागारानं निघताना अट सांगितली. परवानगी हातात येईपर्यंत मंजूर लोड एका ठराविक आकड्याखाली जाऊ द्यायचा नाही. गेला की प्रकरण बाद. मी तो आकडा वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

तेलगिरणी चालली तर मिस्त्रीला बाराही महिने काम मिळणार होतं. त्याच सुमारास वणीच्या एका ट्रकवाल्याच्या वर्कशॉपमधूनही त्याला बोलावणं आलं होतं. तो मला विचारायला आला.

"बाबूजी, वणीले जाऊ का थांबू?"

"थांब. कागद माह्या हातात हाय," मी म्हणालो. त्यानं वणीला नाही म्हणून कळवलं.

शेवटची गाठ दाबली त्या दिवशी शेठजी लग्नाला अकोल्याला गेले होते. नारळ फुटला. खोबरं तोंडात गेलं. त्यानंतर माझं डोकं चाललंच नाही, फटफटीच चालली. कार्यालयातल्या क्लार्कनं विचारलंही, "यंदा बी का बाबूजी?"

"दरवर्षीचंच हाय. मारा शिक्का."

एरवी महिनाभर लोळत पडणारा अर्ज त्या साली आठवड्यात मंजूर झाला. मी खुशीत पत्र घेऊन मिस्त्रीला दाखवायला गेलो. तो तेलगिरणीतल्या घाण्यांना ग्रीस भरून राह्यला होता. हात पुसून त्यानं पत्र वाचलं, मग परत एकदा वाचलं.

"बाबूजी, हे काहून केलं?"

"काहून म्हंजे? दरवर्षी आपण..."

"त्या नागपूरवाल्यानं सांगतलं होतं ना, येच्या खाली नाही जाचं?" आणि त्यानं तो आकडा अचूक सांगितला. माझ्या वहीत दोन रेघांवर बसलेला आकडा त्याच्या तोंडी पाठ होता.

मी पत्र घेऊन धावतपळत कार्यालयात गेलो. लोड वाढवायचा तर नवा अर्ज, नवी तपासणी, पुन्हा रांग. ते होईस्तोवर पुरवठादारानं आमच्या वाट्याची वीज दुसऱ्या गिरणीला देऊन टाकली. शेठजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या साली नारळ फुटला का बाबूले खोलीत कोंडा." पावसाळ्यात तेलगिरणीची यंत्रं विकली गेली.

वणीची जागा तोवर भरली होती. मिस्त्री सुरतेला निघाला. मी त्याला सोडायला स्टँडवर गेलो. पिशवी उचलत तो म्हणाला, "काळीपिवळी भरून गेली बाबूजी. मी आपल्या एसटीनंच जातो."

पुढच्या हंगामात शेवटची गाठ दाबली तेव्हा नारळ दुसऱ्याच कोणी फोडला. मला कोणी कोंडलं नाही. खोबरं हातातच होतं, तेवढ्यात सुरतेहून फोन आला.

"नारळ फुटला का बाबूजी?"

"फुटला."

"मंग देऊन या अर्ज. आता कोणाचं काही अडत नाही."

खरंच होतं. तेलगिरणीच्या जागी नुसते सिमेंटचे चौथरे उरले होते. जास्त लोड राखून ठेवायला कारणच नव्हतं. मी तारीख बदलली आणि फटफटी काढली.