जयपूरची मॅच, पाच रिव्हॉल्व्हर आणि मी चिकटवलेली टेप

हे लिहायला मला अडीच महिने लागले. कारणं भरपूर सांगता येतील. चार्जर बिघडला, मग मध्येच गोकर्णला गेले, मग सर्दी. खरं कारण एवढंच की जयपूरच्या या फेरीत माझ्या हातून एक चूक झाली आणि ती वगळून बाकीचं लिहायचा मी तीनदा प्रयत्न केला. कचोरीवर सहाशे शब्द झाले होते. वाचून बघितले तर अगदीच खोटे वाटले. आज रविवार आहे, आई-बाबा लग्नाला गेलेत, घरात कुणी नाही. एकदाचं लिहून टाकते.

जानेवारीत सुलभाकाकूंचा फोन आला. माझे बाबा विमा कंपनीत. त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा मी पहिलीत होते आणि सांगलीला परत आलो तेव्हा सातवीत. ती सहा वर्षं आम्ही सांगानेरच्या अलीकडे एका दुमजली घरात वरच्या मजल्यावर राहायचो आणि खाली सुलभाकाकू आणि आप्पाकाका. काका लष्करात कारकून होते, मूळचे मिरजेचे, निवृत्त होऊन तिथेच राहिले.

"मने, फेब्रुवारीत काय करतेयस?"

"काही नाही."

"ते ठाऊकच आहे. आमच्या मॅचला हात कमी पडतायत. येतेस?"

मॅच पिस्तुलाची. एका जागी उभं राहून गोल चकतीवर नेम धरायचा तो प्रकार वेगळा. यात पुठ्ठ्याची माणसाच्या धडाएवढी लक्ष्यं आडोशांमागे लावलेली असतात आणि टायमरची शिटी वाजली की चालत, वाकत, वळत ती टिपायची. गुण आणि वेळ दोन्ही मोजतात. काकूंनी हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं. आता त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. रिव्हॉल्व्हर त्यांच्या सासऱ्यांचं. ते वारसाने यायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले होते, "मी बत्तीस वर्षं फायली चालवल्या, गोळी नाही. हिच्याच नावावर करा."

फोनवरच काकूंनी सांगितलं की मार्चअखेर ते जयपूर सोडून मिरजेला मुलीकडे जाणार. लहान नातू असलेल्या घरात हत्यार नको, ही मुलीची अट काकूंनाही पटली होती. रिव्हॉल्व्हर परवाना असलेल्या दुकानात जमा होणार होतं. म्हणजे ही त्यांची शेवटची मॅच. कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलंय, नोकरी धरते आणि सुटते, त्यामुळे रजा कुणाकडे मागायची नव्हतीच. पुण्याहून जयपूरचं स्लीपरचं तिकीट साडेसहाशेच्या आसपास, जवळजवळ एक दिवस प्रवास. थंडीत जाणार असाल तर पांघरूण बरोबर ठेवा. मी नेलं नव्हतं.

गुरुवार, शुक्रवार

स्टेशनवर काका न्यायला आले होते. जुनीच गाडी. "मतलब, अजून चालते," असं गाडीबद्दल म्हणाले की स्वतःबद्दल ते कळलं नाही. काकांच्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' असतातच. माझ्याही होते. सांगलीच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी शिपाईमामांना भैया म्हणाले होते आणि वर्षभर पोरांनी मला तेच नाव ठेवलं होतं.

आमच्या वरच्या मजल्यावर आता कोचिंगच्या मुली राहतात. त्यांनी आत बोलावलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर बाबा माझी उंची पेन्सिलीने लिहायचे तिथे आता फिकट गुलाबी ऑइलपेंट आहे. मी तरी बोट फिरवून बघितलं. कूलरची चौकट मात्र खिडकीत तशीच आहे, रिकामी. वाळ्याच्या जाळीवर पाणी पडलं की मे महिन्यात दुपारभर जो वास यायचा तो फेब्रुवारीत कुठून येणार, पण मी तिथे पाच मिनिटं उभी होते.

शुक्रवारी काकूंनी मला कोथिंबीर आणायला पाठवलं आणि मी सांगानेरला छापखान्यात पोचले. खरंच, रिक्षावाला तिकडेच चालला होता. लांबच लांब टेबलं, त्यावर ताणलेलं कापड, आणि एक माणूस लाकडी ठसा रंगात बुडवून मुठीने एकच थाप मारत पुढे सरकतोय. दोन तास बघत बसले. चारशे रुपयांना ओढणी घेतली, कोथिंबीर विसरले. काकू म्हणाल्या, "सातवीत होतीस तशीच आहेस," आणि पोह्यांवर नुसतं खोबरं घातलं.

त्या रात्री जेवताना काकूंनी सगळं समजावून दिलं, तेच सांगते. या खेळात विभाग असतात, हत्याराप्रमाणे. ओपनमध्ये काहीही चालतं, वर लाल ठिपक्याची काच लावा, नळीला धक्का कमी करणारी जोडणी करा, फक्त पैसे पाहिजेत. प्रॉडक्शन म्हणजे कारखान्यातून आलं तसंच पिस्तूल, फार छेडछाड नको. स्टँडर्ड त्यांच्या मध्ये. आणि रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्या झाल्या की उघडायचं, रिकाम्या पुंगळ्या पाडायच्या, परत सहा भरायच्या. सायकलींच्या शर्यतीत गिअरवाल्या वेगळ्या आणि दूधवाल्याच्या सायकली वेगळ्या पळवाव्यात तसं.

पण या क्लबचा नियम असा, की विभागात किमान पाच जण असले आणि त्या पाचही जणांनी सगळ्या फेऱ्या मारल्या तरच तो विभाग निकालात धरतात. नाहीतर सगळ्यांना ओपनमध्ये ढकलतात. तेरा वर्षांत रिव्हॉल्व्हरवाले पाच कधी झालेच नव्हते. काकू दरवेळी ओपनमध्ये, दरवेळी शेवटून पहिल्या-दुसऱ्या.

"यंदा पाच आहेत," काकू म्हणाल्या. "नंबर नको मला. यादीत रिव्हॉल्व्हर असं लिहून खाली माझं नाव आलं की झालं."

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: प्रवेश फी तीन हजार. काडतूस त्यांना शंभरच्या आसपास पडतं आणि एका मॅचला ऐंशीच्या घरात लागतात. पट्टा आणि होल्स्टर मिळून पाच हजार, ते एकदाच. परवान्यावर वर्षाला ठरावीकच काडतुसं मिळतात, म्हणून सराव बहुतेक रिकाम्या रिव्हॉल्व्हरने, बंद खोलीत, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर. स्वयंसेवकाला मात्र काहीच खर्च नाही. जेवण, चहा, टोपी मिळते.

शनिवार

मैदान चौमूंच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका शेतात, तिन्ही बाजूंनी मातीचे उंच बांध. जयपूरच्या सिंधी कॅम्प बसस्थानकावरून चौमूंला बस मिळते, तासभर लागतो, पुढे रिक्षा. आम्ही गाडीने पहाटे निघालो. वाटेत चौमूंच्या बाजारात प्याजकचोरी, तीस रुपये. तिच्याबद्दल मी सहाशे शब्द लिहिले होते, आता एवढंच सांगते की दोन खा.

मॅचचे प्रमुख शेखावतजी म्हणून. त्यांनी स्वयंसेवकांना अर्धा तास शिकवलं. काम सोपं आहे. नेमबाजाने हत्यार रिकामं करून दाखवलं की पंच 'रेंज क्लिअर' म्हणतो. मग गुण लिहिणारा टॅबलेट घेऊन प्रत्येक पुठ्ठ्यापाशी जातो आणि ओरडून सांगतो, दोन अल्फा, एक अल्फा एक चार्ली, असं. अल्फा म्हणजे मधला भाग, चार्ली त्याच्या बाहेरचा, कमी गुणांचा. त्याने सांगितल्यावरच भोकांवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे पुढच्याला पुठ्ठा कोरा मिळतो.

"लिखने से पहले टेप नहीं," शेखावतजी म्हणाले. "बस यही एक बात याद रखनी है."

पाचवे रिव्हॉल्व्हरवाले बाबूलालजी. चौमूंलाच घाऊक मसाल्यांचं दुकान, साठी उलटलेली, स्वेटरवर जाकीट. कुणाशी फारसं बोलत नव्हते. काकांनी त्यांना चहा नेऊन दिला तर म्हणाले, "फौजी साहब, शक्कर कम है," आणि पिऊन टाकला.

पहिल्या दोन फेऱ्या त्या दिवशी झाल्या. काकू चौथ्या, बाबूलालजी दुसरे.

रविवार

तिसरी फेरी अठरा गोळ्यांची, नऊ पुठ्ठे. बाबूलालजींना मी तोवर नीट बघितलंच नव्हतं. शिटी वाजली आणि हा माणूस जाकिटासकट बदलला. सहा, मग रिव्हॉल्व्हर उघडून पुंगळ्या एकदम खाली, सहा भरल्या, चालता चालता. मध्ये कुठे थांबलेच नाहीत.  काकू माझ्या शेजारी हळूच म्हणाल्या, "हे असं मला आयुष्यात एकदा जमायला पाहिजे होतं."

रेंज क्लिअर झाली. मी आणि माझ्याबरोबर पट्ट्या लावायला आलेले काका डाव्या टोकाला बसलो होतो, म्हणून डावीकडून आत गेलो. काका म्हणाले, "मने, तुला आठवतं, माकड तुझी वॉटरबॅग घेऊन टाकीवर बसलं होतं?"

आठवतं म्हणजे काय. काकूंचे पापड गच्चीवर वाळत असायचे आणि राखणीला मी, काठी घेऊन. माकडाने वॉटरबॅग उघडून पाणी प्यायलं होतं, अगदी माणसासारखं, आणि मी रडत खाली गेले तेव्हा काका त्याला पोळी दाखवायला शिडीवर चढले होते. पोळी कसली, ती भाकरी होती, असं मी म्हणत होते, आणि हसता हसता माझे हात चालू होते. एक पट्टी, दुसरी पट्टी. दोन पुठ्ठे झाले.

मग मला उजवीकडून आवाज ऐकू आला. "दो अल्फा." गुण लिहिणारा त्या टोकाला, पहिल्या पुठ्ठ्यापाशी होता.

शेखावतजी आले. "किसने लगाया?"

मी हात वर केला. त्यांनी स्वतः पट्टी उचकटून बघितली, तर पुठ्ठ्याचा पापुद्राच निघाला. भोक कुठे होतं ते कुणालाच सांगता येईना. नियम ठरलेला. पूर्ण फेरी पुन्हा मारायची.

बाबूलालजींनी काडतुसांचा डबा उघडून बघितला. चौतीस उरली होती. चौथ्या फेरीला बारा, पाचव्या फेरीला अठरा, चार जास्तीची. आता ही अठरा पुन्हा मारली तर शेवटच्या फेरीला उरणार चार. काकूंनी आपला डबा पुढे केला, पण शेखावतजींनी मान हलवली. एकाच्या परवान्यावरची काडतुसं दुसऱ्याला देता येत नाहीत.

बाबूलालजी माझ्याकडे बघत म्हणाले, "बाईसा, पहले पलस्तर का काम करती थीं?"

दोघं-तिघं हसले. मला हसता आलं नाही आणि सॉरीही म्हणता आलं नाही. 

ते मॅच सोडून घरी जाऊ शकत होते. कुणी नावं ठेवली नसती. पण मग चारच उरले असते, आणि काकू परत ओपनमध्ये. काकूंनाही ते कळत होतं, तरी त्याच पुढे झाल्या.

"भाईसाहब, आप रहने दीजिए. हम लोगों की वजह से अपना खेल मत बिगाड़िए."

बाबूलालजी पट्टा घट्ट करत म्हणाले, "भाभीजी, पाँच का नाम सुनकर दुकान बंद की है. चार ही होते तो मैं हल्दी तौल रहा होता."

आणि ते परत रेषेवर उभे राहिले. दुसऱ्यांदा तेवढं जमलं नाही. एकदा भरताना काडतूस पडलं, वाकून उचललं.  चौथी फेरीही त्यांनी व्यवस्थित मारली.

शेवटच्या फेरीला त्यांच्या हातात चार काडतुसं. शिटी वाजली. त्यांनी अजिबात घाई केली नाही. पहिल्या पुठ्ठ्यावर दोन, दुसऱ्यावर दोन. मग उरलेल्या सात पुठ्ठ्यांसमोरून तसेच चालत शेवटपर्यंत गेले, रिव्हॉल्व्हर उघडलं, पंचाला रिकामं दाखवलं. या वेळी मी गुण लिहिणाऱ्याच्या मागेच होते, अगदी त्याच्या टाचेला टाच लावून. दोन अल्फा. दोन अल्फा. पुढे सात वेळा मिस, मिस. त्या सात पुठ्ठ्यांवर मला चिकटवायला काही नव्हतं.

निकाल

कागद तंबूच्या खांबाला लावला. रिव्हॉल्व्हर, असं ठळक अक्षरात, खाली पाच नावं. काकू तिसऱ्या. त्या एरवी चौथ्या आल्या असत्या हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांनी चष्मा पुसला.

"मने, पाचवं नाव वाच."

"बाबूलालजींचं आहे, काकू."

"मोठ्याने वाच."

मी वाचलं. काका टोपी काढून उभे होते. मी मागे वळून शोधलं, पण बाबूलालजी चारच्या बसने गेले होते. सोमवारच्या मालाची गाडी यायची होती म्हणे. माझी माफी तशीच राहिली.

संध्याकाळी आम्ही गाडीने परत निघालो. चौमूं मागे पडल्यावर काकू म्हणाल्या, "तेरा वर्षं झाली, आणि आज एक माणूस माझ्यासाठी हरला. याला काय म्हणायचं मला कळत नाही." काका म्हणाले, "काही म्हणू नको. खिडकी लाव, वारा लागतोय."

घरी

मी सोमवारी निघाले. मार्चअखेर काका-काकू मिरजेला आले. सामान लावायला मी दोन दिवस गेले होते. जयपूरचं ते घर आता पूर्ण अनोळखी लोकांचं झालं, खालीही आणि वरही. परत गेले तर चहाला बोलावणारं कुणी नाही, हे मला मिरजेत खोकी फोडताना पहिल्यांदा नीट कळलं. तुम्ही स्वयंसेवक म्हणून जाणार असाल तर जरूर जा. टोपी मिळते, बाजरीची रोटी आणि बेसनाच्या गट्ट्याची भाजी मिळते, आणि माणसं शिकवतात. फक्त गप्पा मारायच्या असतील तर चहाच्या तंबूत मारा. मला त्या माकडाची आठवण अजून गोड वाटते आणि ती आली की लगेच पुठ्ठ्यावरची ती पट्टी दिसते. दोन्ही आता एकत्रच येणार बहुतेक.

बाबूलालजींना पत्र लिहायचं ठरवलं होतं. दोनदा सुरुवात केली. हिंदीत माफी कशी मागायची ते मला येतं, पण कागदावर ती फारच शुद्ध दिसते.

एवढं लिहून झालं आणि आत्ता आप्पाकाकांचा मिरजेहून फोन आला. कुजबुजत बोलत होते. "मने, चौमूंवाले बाबूलालजी आलेत. दारात उभे होते, पिशवी घेऊन. म्हणतात सांगलीला हळदीच्या सौद्यांना आलो होतो, शेखावतजींकडून पत्ता घेतला होता, जाता जाता डोकावलो. आता रविवारी कुठले सौदे? ही त्यांना बसवून चहा करतेय. तू येतेस ना?"

चप्पल पायात आहे. निघाले.