बंगल्याचे बारा टॉवेल

बंगल्याच्या मॅडमनी आईनं धुतलेला टॉवेल गठ्ठ्यातून काढला, व्हरांड्यातल्या टेबलावर तंबूसारखा उभा केला, आणि तो राहिला की उभा! मला हसू फुटलं. मग आईचा चेहरा दिसला आणि ते गिळलं.

"मावशी, पाहुणे मला विचारतात, याने अंग पुसायचं की घासायचं? पुढच्या शुक्रवारी असेच आले ना, तर मी खोपोलीच्या लॉन्ड्रीत देणार. सॉरी हं."

पळसदरीला धरणाच्या बाजूला त्यांचा बंगला. शनिवार-रविवार मुंबईचे पाहुणे उतरतात. सोमवारी मी स्कूटीवरून बारा टॉवेल घरी आणायचे, आई धुवायची, शुक्रवारी दोघी जाऊन द्यायचो. ह्या कामाच्या जोरावर आईनं साजगावच्या कंपनीतलं पॅकिंग सोडलेलं. तिथं अख्खी पाळी उभ्यानं काढायची, संध्याकाळी पाय पावासारखे फुगून यायचे. टॉवेल गेले की ते उभं राहणं परत नशिबी. आई हे बोलली नाय. पण येताना स्कूटीवर मागं बसून एक शब्द काढला नाय तिनं, आणि ती एरवी सिग्नल नसलेल्या फोनवर पण बोलत राहते.

घरी आल्यावर मी पप्पांना मॅडम करून दाखवल्या. मान तिरकी, चष्मा डोक्यावर, "सॉरी हं". पप्पा पोट धरून हसले.

आई लसूण सोलत होती. "झालं नाटक? आता सांग, टॉवेल मऊ कसा करतात?"

"पुढच्या शुक्रवारपर्यंत करून दाखवते," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे निघून गेलं तोंडातून. पण एकदा निघालं म्हटल्यावर आता माघार नाय.

सोमवारी टॉवेल आले, ते मी बाजूला ठेवले. आधी घरातल्या जुन्या टॉवेलांवर प्रयोग. मंगळवारी कपडे मऊ करायचं निळं लिक्विड आणलं आणि पप्पांचा टॉवेल मीच धुतला, मीच वाळवला. काय मऊ झाला! वास पण एकदम बंगल्याचा. पप्पा आंघोळीला गेले आणि आतून ओरडले, "अगं, ह्यानं पाणी जात नाय! नुसतं हिकडचं तिकडं फिरतंय!"

लिक्विड बाद.

बुधवारी पावडरीवर डोळा ठेवला. आमचं पाणी बोअरिंगचं, त्याला फेस येत नाय. म्हणून आई मुठीवर मूठ पावडर टाकते.

"फेस नाय तर धुतलं कसलं गं?" तिचं म्हणणं.

"आई, फेस नाय आला तरी मळ जातो. आणि ती जास्तीची पावडर टॉवेलातच बसून राहते."

कुरकुरत तिनं पावडर निम्मी केली, पाणी एक जास्त काढलं. तेवढं बघून मी कॉलेजला पळाले. संध्याकाळी टॉवेल टेबलावर उभा केला. थोडा वाकला, पण पडला नाय. आता राहिला एक दिवस.

रात्रीच्या भाकऱ्या व्हायच्या आधी शेजारची काकू पीठ मागायला आली. "काय गं, टॉवेलाला टेबलावर कशाला बसवलंय?" तिला सगळं सांगायचं म्हणून मी आईच झाले. ओढणी कमरेला खोचली, पाटावर बसले. "आई गं, गुडघा मेला," करत भिजवलं, ब्रश मारला, दगडावर आपटलं, एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी, पिळलं. आणि माझा डावा हात आपोआप बाजूला गेला, नसलेल्या टोपात टॉवेल बुडवून वर आला.

काकू हसत होती. मी थांबले.

"आई, ह्या टोपात काय असतं?"

"काय म्हंजी? कांजी."

भाताच्या पाण्याची कांजी! आमच्याकडं ती इतकी रोजची की धुण्यात कुणी मोजतच नाय. बुद्धपौर्णिमेला विहारात जायचं तर पप्पांचा सदरा आणि आईची पांढरी साडी अशी कडक असते की बसताना आवाज येतो.

"टॉवेलाला कांजी?"

"मग? लोकांचं कापड हाय. बिनकांजीचं द्यायचं?" आईचा आवाज चढला. "तुमी पोरं शाळेत गेली, कुणाची टाप नव्हती मळकी म्हणायची. उगाच? मरगळल्यालं कापड मी कुणाच्या दारात नेलेलं नाय, आणि नेणार पण नाय."

मी बंगल्याच्या टॉवेलांचा गठ्ठा माझ्याकडं ओढला.

गुरुवारी कॉलेज बुडवलं. बाराही टॉवेल गरम पाण्यात भिजवले, जुनी कांजी सुटून पाणी दुधाळ झालं. मग चिमटीनं पावडर. तीन पाणी काढली. शेवटच्या पाण्यात, उरलीसुरली पावडर सुटायला, अर्धी वाटी पांढरा व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवाल्याकडनं मागून आणलेला. दोरीवर टाकायच्या आधी एकेक टॉवेल दहा-दहा वेळा झटकला, म्हणजे त्याचे दोरे उभे राहतात. खांदे निघायची वेळ आली. वाऱ्यावर वाळवले, उन्हात करपायच्या आत काढले, परत झटकले.

मधेच बघते तर आई दारात. हातात कांजीचा टोप.

मी मान तिरकी केली. "मावशी, टोप खाली ठेवा. सॉरी हं."

तिला हसू आलं. टोप खाली गेला.

शुक्रवारी मॅडमनी टॉवेल टेबलावर उभा केला. तो बसला, मग सरळ आडवाच झाला. त्यांनी उचलून गालाला लावला.

"मावशी! कुठलं लिक्विड वापरलं?"

"काय नाय," आई म्हणाली. "कमी वापरलं."

"मग सोमवारपासून चादरी पण न्या ना."

आईनं आधी माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. "चादरीला कांजी चालंल?"

"चालेल म्हणजे? चादरी कडकच हव्यात मला."

झालं. रस्ताभर आई मागं बसून बोलत होती. कुठल्या तांदळाची कांजी पातळ होते, कुठल्याची घट्ट, चादरीला किती लागंल. फाट्यावर मला म्हणाली, "पुढच्या शुक्रवारपर्यंत करून दाखवते!" माझ्याच आवाजात. हुबेहूब.