पुडीमामाच्या दोन पुड्या

आमच्या पुडीमामाचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. माणसाने दुःख करावं, पण रोज उठून स्वतःलाच फासावर चढवायचं म्हणजे काय?

मामा दवाखान्यात कंपाउंडर होता. चाळीस वर्षं औषधाच्या पुड्या बांधल्या, म्हणून पुडीमामा. त्याची घडी अशी, की पुडी आठवडाभर खिशात राहिली तरी कणभर सांडायची नाही. मुदत संपलेली औषधं नष्ट करायचं कामही त्याचंच. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून तो ती घरी आणायचा, कुटायचा आणि परसात गुलाबामागे पुरायचा. डॉक्टर कौतुक करायचे.

त्याच गुलाबाचा काटा मामीच्या बोटात रुतला. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. डॉक्टरांनी औषधांमागून औषधं बदलली, एक लागू पडेल तर शपथ. एकोणिसाव्या दिवशी मामी गेली.

तेव्हापासून परसाचं दार बंद आहे. दाराखालची फट मामाने चादरीच्या बोळ्याने बुजवली आहे. दुपारी झोपेतून दचकून उठतो आणि आधी तो बोळा चाचपतो. "मीच त्या मातीला औषध चारलं गं," म्हणतो. "जंतू ते पचवायला शिकले आणि हिला घेऊन गेले."

मी जंतू तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. एक दिवस मामा तिथेच येऊन उभा राहिला, हातात दोन पुड्या.

"एकीत खड्ड्यातली माती आहे. दुसरीत शेजारच्या नव्या विहिरीच्या तळाची, जिथे माणसाचं औषध कधी पोचलं नाही. कुठली कोणती ते सांगणार नाही. मला बरं वाटावं म्हणून तू खोटं बोलशील."

खोटं? डोकंच फिरलं माझं. पण पुड्या घेतल्या.

बशीत जंतू वाढवायचे आणि वर औषधाच्या चकत्या ठेवायच्या. औषध चाललं तर चकतीभोवती स्वच्छ गोल उरतो. मी झाकणं उघडली, तर दोन्ही बशांत जंतू कित्येक चकत्यांना अगदी खेटून वाढलेले.

मी धावतच मामाकडे गेले. "अरे, औषध पचवणारे जंतू दोन्हींत आहेत! मातीतले जंतू माणसाच्या आधीपासून एकमेकांवर विष सोडतात आणि ते पचवतात. आपण औषधं त्यांच्याकडूनच उचलली. तू कुणाला काही शिकवलं नाहीस!"

मामा रिकाम्या कागदाची घडी घालत राहिला. "दोन्ही पुड्या विहिरीतल्याच होत्या," तो म्हणाला. "एकदाच दार उघडून खड्ड्यापाशी गेलो होतो. चमचा हातात होता. पण खाली वाकवेना."

"मग हा खेळ कशाला मांडलास?" मी ओरडलेच.

"मला बरं वाटावं म्हणून 'काहीच निघालं नाही' म्हणाली नाहीस. तू खोटं बोलत नाहीस, एवढं कळलं. आता खड्ड्यातली माती तूच काढ."

"काढते," म्हणाले. त्याला महिना झाला. त्या मातीत विहिरीपेक्षा जास्त निघालं, तर मी ते मामाला कोणत्या तोंडाने सांगू? हातमोजे, बाटली, सगळं पिशवीत तयार आहे. काल मामा आंघोळीला गेला तेव्हा दाराशी बसले, बोळा ओढून काढला. फटीतून गार वारा पायांना लागला.

मी बोळा परत घट्ट बसवला.