दहापैकी पाच

करमाडच्या रत्नमालेचं डोकं धरलं की डावीकडचंच धरायचं. उजवं अगदी निवांत. पंधरा वर्सं झाली या अर्धशिशीला. मिऱ्याचा लेप झाला, बाम झाला, गंडा बांधून झाला. दोन-दोन दिवस उलट्या अन् दाराला गोधडी लावून अंधार. त्या डोक्यानं मुहूर्तही असा साधला म्हणता! उद्या पहाटं लेकीचं, ज्ञानेश्वरीचं, पोलीस भरतीचं ग्राउंड.

"तुला असं टाकून मी काय पळणार? आधी दवाखाना," लेक म्हणाली.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. अपघात विभागाच्या दारात शिपायानं लेकीला अडवलं. आत टेबलाशी संध्या सिस्टर. मागं भिंतीवर दहा चेहऱ्यांचा तक्ता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

"मावशी, दहापैकी किती दुखतंय?"

"पाच."

सिस्टरनं पिवळी चिठ्ठी दिली आणि दाराबाहेरच्या बाकाकडं बोट केलं.

आता त्या तक्त्याचं ऐका. पूर्वी डोकं दुखतंय म्हटलं की "गॅस झालाय, जा घरी." बोंबाबोंब झाली, मग साहेब लोकांनी ही सुधारणा आणली. दुखणं पेशंटनंच सांगायचं. सात किंवा त्याच्या वर असलं की लगेच आत. चांगलं केलं, नाय कोण म्हणतं? पण हे मोजमाप करमाडच्या बाईला समजावून कुणी सांगायचं, तक्त्यानं?

बाकाच्या बरोबर वर ट्यूबलाइट. रत्नमालेनं पदर डोळ्यांवर ओढला तरी उजेड आत घुसायचा. बोट कापलेला एक जण हसत आत गेला, हसत बाहेर आला. एक वाजला, दोन वाजले. ज्ञानेश्वरीनं खिडकीशी दोनदा जाऊन सांगितलं, "मॅडम, माय लई बेजार हाय हो."

"पिवळी चिठ्ठी आहे ना? थांबावं लागतं."

"तू जा घरी. जेव, झोप," आई पुटपुटली.

"नाय जात." पोरीच्या पोटात सकाळपासून नुसता चहा.

तीन वाजता रत्नमाला पाणी मागायला टेबलाशी गेली आणि तिथंच उलटी करून खाली बसली. संध्या सिस्टर धावली. "अहो मावशी, पाचाला असं होत नाही! पाच कसं सांगितलंत?"

"अर्धंच दुखतं ना बाई. अर्ध्याचे पाच. उजवीकडं काय नाय, खोटं कशाला बोलू?"

"आणि डावीकडं किती?"

"तिकडचं नका इचारू. डोळा उपसून काढावा वाटतो."

सिस्टरनं रजिस्टर मागं चाळलं. दिवाळीत आली होती, पाच. संक्रांतीला आली होती, पाच. दोन्ही येळा बाकावरूनच घरी. सिस्टरनं कपाळावर हात मारून घेतला.

मग पाच मिनिटांत पडदा ओढला, दिवा बंद झाला, इंजेक्शन अन् सलाइन लागलं. तासाभरात रत्नमालेनं डोळे उघडले. एवढंच काम होतं! एवढ्यासाठी चार तास, अन् आधीच्या दोन खेपा मातीत.

सलाइन संपून रिक्षा मिळेपर्यंत दिवस मावळला. घरी सासू, बानाबाई, उंबऱ्यातच होती.

"काय म्हणले दवाखान्यात?"

"पुढच्या येळी दहा म्हणायचं म्हणले."

"एवढंच व्हय? मंग आधी का नाय सांगितलं त्यांनी?"

रत्नमाला आत येईपर्यंत ज्ञानेश्वरी न जेवता, बूट न सोडता भिंतीशी झोपून गेली होती, आणि गजर पावणेचारचा होता.